‘अमेरिकावाल्याचे दुकान’: बियाणे, खते आणि वॉशिंग्टनच्या बातम्या

बियाण्यांच्या बाबतीत हे दुकान आमच्या तालुक्यात पहिल्या क्रमांकाचे आहे, खतांच्या बाबतीत इतर दुकानांसारखेच आहे, आणि तयार माल कधी विकावा याविषयी तेथे मिळणारा सल्ला ऐकण्यासारखा असला तरी जसाच्या तसा अमलात आणण्यासारखा नाही. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत असलेल्या या कृषी सेवा केंद्राच्या पाटीवर मालकांच्या कुलदैवताचे नाव आहे. परंतु ते नाव सांगून पत्ता विचारला तर ऐकणारा माणूस विचारात पडतो, आणि ‘अमेरिकावाल्याचे दुकान’ म्हटले की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. मालक स्वतः अमेरिकेला कधीही गेलेले नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी हे दुकान काढले. वयाने मोठे असलेले ग्राहकही त्यांना ‘अण्णा’ म्हणतात, आणि या अण्णांना अमेरिकेच्या राजकारणाचा नाद आहे.

हा नाद दुकानाच्या कामकाजात किती मुरलेला आहे, हे गल्ल्यामागच्या काळ्या फळ्यावरून कळते. पहिल्या रकान्यात आमच्या मोंढ्यातील सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा यांचे आदल्या दिवशीचे किमान व कमाल भाव असतात, दुसऱ्यात शिकागोच्या वायदेबाजारातील, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचे सौदे आजच होतात त्या बाजारातील, सोयाबीनचा भाव असतो, तिसऱ्यात महसूल मंडळनिहाय पाऊस असतो, आणि सर्वांत खाली एका ओळीत अमेरिकेतील त्या दिवसाची बातमी असते. शिकागोचा भाव नुसता डॉलर आणि बुशेल या मापांत लिहून अण्णा मोकळे होत नाहीत, ही त्यांची मोठी सेवा आहे. सोयाबीनचे एक बुशेल म्हणजे ६० पौंड, म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलो. त्या हिशेबाने शिकागोत बुशेलला १० डॉलर भाव असला, तर तो क्विंटलला साडेछत्तीस डॉलरांच्या थोडा पुढे जातो आणि २०२५ मधील डॉलरच्या दराने रुपयांत तीन हजार शंभर-दोनशेच्या घरात येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केलेला असताना अमेरिकी शेतकरी एवढ्या कमी भावात तग कसा धरतो, हा प्रश्न फळ्यासमोर उभा राहणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो.

अण्णांचे उत्तर तयार असते, आणि ते बरोबरही आहे. आयोवा राज्यात एकरी साठ बुशेलांच्या आसपास, म्हणजे सोळा क्विंटलांपर्यंत उतारा येतो. आपल्याकडे पाऊस वेळेवर पडला तरी एकरी पाच-सहा क्विंटलांवर समाधान मानावे लागते. अमेरिकेतील सरासरी शेत साडेचारशे एकरांहून मोठे आहे, तर महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराकडे दीड हेक्टरही जमीन नाही. शिवाय तेथील बहुतेक सोयाबीन जनुकीय बदल केलेले असते, तसले वाण पेरायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि तेथील सोयाबीन सहजासहजी आपल्या मोंढ्यात येऊन पडत नाही. म्हणून शिकागोत भाव घसरला की दुसऱ्या दिवशी मोंढ्यात तेवढाच घसरतो असे नसते. तो परिणाम तेलाच्या आणि पेंडीच्या वाटेने, काही काळाने आणि पुष्कळसा बदलून पोहोचतो. एवढे समजावून सांगणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटलेला नाही.

परंतु दुकानाची परीक्षा शेवटी बियाण्यावर होते, आणि तेथे मला दोष काढता येत नाही. सोयाबीनची बॅग मागितली की अण्णा आधी घरचे बियाणे आहे का, असे विचारतात. सोयाबीन स्वपरागीभवन होणारे पीक असल्यामुळे चांगले जपलेले घरचे बियाणे पेरता येते, हे ते गल्ल्यावर बसून सांगतात आणि त्यात त्यांची विक्री बुडते हे त्यांना माहीत असते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण कशी तपासायची, याचे प्रात्यक्षिक मे महिन्यात दुकानातच सुरू असते. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर ते बियाणे पेरायचे नाही, किंवा पेरायचेच असेल तर प्रमाण वाढवायचे, असा त्यांचा रोखठोक सल्ला असतो. विकत घेणाऱ्याला ते सर्वांत महाग बॅग दाखवत नाहीत. जमीन भारी आहे की हलकी, पाणी किती, त्यामागे हरभरा घ्यायचा आहे का, हे विचारून ते परभणी विद्यापीठाचे एमएयूएस ६१२ किंवा राहुरीचे फुले संगम हे वाण सुचवतात, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, असे बजावून सांगतात. कापसाच्या बियाण्यातही त्यांचा हात साफ आहे. बीजी-२ या बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ मध्ये ९०१ रुपये ठरलेली होती आणि त्यांनी ती त्याच किमतीला दिली. मागणी असलेल्या वाणाचे पाकीट मागच्या दाराने चढ्या दराने विकण्याचा प्रकार येथे होत नाही. तणनाशक सहन करणारे बेकायदा कापूस बियाणे मागणाऱ्याला ते सरळ नकार देतात.

आता अमेरिकेच्या राजकारणाकडे वळतो, कारण या दुकानात अर्धा वेळ त्यातच जातो आणि तो वाया जातो की नाही, हे ग्राहकाने जाणून घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचा निकाल लागला तेव्हा आपल्याकडे विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता, आणि फळ्यावर त्या आठवड्यात दोन्ही निवडणुका शेजारी शेजारी होत्या. राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या एकूण ५३८ निर्वाचकांपैकी २७० जणांची मते मिळवणारा अध्यक्ष होतो, आणि देशभर कमी मते पडूनही माणूस निवडून येऊ शकतो, जसे २००० आणि २०१६ मध्ये झाले, हे पटवून देणे सोपे नव्हते. अण्णांनी त्यासाठी सरपंचाचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये ते बदलून सदस्यांनी निवडायचे ठरले, आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. त्यामुळे गावात जास्त मते कोणाला आणि सदस्य जास्त कोणाचे, यांत फरक पडू शकतो हे येथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘म्हणजे तिकडं अजून सदस्यातूनच चाललंय म्हणा की,’ असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने म्हटले. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला हे सूत्र अपुरे वाटेल, कारण निर्वाचक हे काम एकदाच करून घरी जातात; तरीही दुकानातील वर्ग त्या दिवशी समजून घरी गेला.

अमेरिकेतील मतदान मंगळवारी का होते, हा विषयही तेथेच प्रथम ऐकला. १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरवला, तेव्हा देश मुख्यतः शेतकऱ्यांचा होता. सुगी आटोपलेली असायची, थंडीने रस्ते अजून बंद झालेले नसायचे, रविवार चर्चचा, बुधवार बहुतेक ठिकाणी बाजाराचा, आणि मतदानाच्या गावी घोडागाडीने पोहोचायला एक दिवस हवा. आठवडी बाजाराचा दिवस टाळून साऱ्या देशाची निवडणूक ठरवली गेली, ही माहिती मोंढ्यातील हमालांना फार आवडली. आज अमेरिकेत शेती करणारे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहेत, पण दिवस तोच राहिला आहे.

दोन टक्क्यांहून कमी असलेल्या या शेतकऱ्यांपुढे तेथील सरकार एवढे का झुकते, या चर्चेत मात्र दुकानातील सूर बिघडतो. अण्णांचा मुद्दा असा की लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोनच जागा असतात. सुमारे बत्तीस लाख लोकांच्या आयोवाला दोन आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोन, म्हणून शेतकरी राज्यांचे पारडे जड राहते. इथपर्यंत ते योग्यच बोलतात. त्यानंतर ते २०१८ ची गोष्ट काढतात. ट्रम्प सरकारने चिनी मालावर कर लावले, चीनने उत्तरादाखल अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला, भाव पडले आणि सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. पुढच्या वर्षी आणखी १६ अब्ज. ‘तिकडं सरकार शेतकऱ्याला पोसतं, आपल्याला कोण विचारतंय?’ या वाक्यावर सगळे मान डोलावतात आणि चहा येतो.

येथे मला अण्णांशी वाद घालावासा वाटतो, कारण हिशेब केला तर चित्र तसे राहत नाही. २०१८ च्या त्या मदतीत सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट मिळाले, म्हणजे क्विंटलला सहा डॉलर, तेव्हाच्या दराने सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये देऊ केले. हेक्टरी बारा-पंधरा क्विंटल उतारा धरला तर क्विंटलला सुमारे ३३० ते ४२० रुपये पडले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. वेळही सारखी साधलेली होती: अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ च्या, अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीआधी पैसे सुटू लागले, आणि आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी. फरक मर्यादेत होता. आपल्याकडे दोन हेक्टरांपर्यंतच पैसे मिळाले, म्हणजे जास्तीत जास्त १०,००० रुपये. तेथे एका व्यक्तीची कमाल मर्यादा १,२५,००० डॉलर होती. तेव्हा तेथे जो पोसला जातो तो मोठा शेतकरी, आणि ज्याच्याकडे थोडी जमीन आहे त्याच्या हाती तेथेही थोडेच लागते. हा हिशेब मी अण्णांना फळ्यावर मांडून दाखवला. त्यांनी तो पुसला नाही, पण वाक्यही सोडलेले नाही.

याहून मोठी तक्रार अशी की आपल्या भावाचे खापर ते फार सहजपणे वॉशिंग्टनवर फोडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ असा एकूण ५० टक्के कर लावला, तेव्हा फळ्यावर कित्येक दिवस दुसरी बातमी नव्हती. त्याच महिन्यात कापसाला खरा धक्का बसला तो दिल्लीतून: कापडउद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमके आपली वेचणी चालू असेपर्यंत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता, आणि बाहेरचा स्वस्त कापूस गिरण्यांना बिनशुल्क मिळत होता. सोयाबीनचेही तसेच. २०२१ च्या उन्हाळी-पावसाळी महिन्यांत दहा हजारांपर्यंत चढलेला भाव खाली आला, त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिलेली होती. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क कमी झाले. यांपैकी एकही निर्णय अमेरिकी संसदेने घेतलेला नाही. पण दिल्लीचा विषय निघाला की गल्ल्याभोवती बसलेल्यांत लगेच दोन तट पडतात, आवाज चढतात, आणि मालकाला सगळ्याच पक्षांच्या ग्राहकांशी उधारीचा व्यवहार ठेवायचा असतो. ट्रम्प यांना शिव्या घातल्याने कोणाचे खाते तुटत नाही. अमेरिकेच्या नादामागे हे व्यापारी शहाणपण असावे, असा माझा कयास आहे, आणि त्याबद्दल मी अण्णांना दोष देणार नाही.

दोष द्यायचा तो माल धरून ठेवण्याच्या सल्ल्याला. ‘चीन आणि अमेरिका यांचं बिनसलंय, आता भाव वाढणार, घाई करू नका’ असे ते काढणीच्या दिवसांत सांगतात. आयोवा आणि इलिनॉय येथील सोयाबीन आपल्याबरोबरच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. चीनने ते घेतले नाही तर तेथे साठा वाढतो आणि जगभर भाव दबतात, त्यातून आपला भाव वाढण्याचे कारण मला दिसत नाही. तेथील शेतकरी पेरणीच्या वेळीच वायदेबाजारात किंवा गावच्या धान्यकोठाराशी करार करून भाव बांधून घेऊ शकतो. आपल्याकडे सोयाबीनचे वायदे बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि त्या बंदीला वारंवार मुदतवाढ दिली. ज्याच्या हातात ते साधन नाही, ज्याला दिवाळीला पोरांचे कपडे घ्यायचे आहेत, हडंब्यावाल्याचे, म्हणजे मळणीयंत्रवाल्याचे, आणि मजुरांचे पैसे द्यायचे आहेत आणि रब्बीसाठी हरभऱ्याचे बियाणे आणायचे आहे, त्याने पोती घरात लावून वॉशिंग्टनची वाट पाहावी, हा सल्ला ज्यांचे घर पगारावर चालते त्यांनाच परवडतो. त्यातून दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की हमीभाव केंद्रावर माल परत येतो. त्याबद्दल मात्र अण्णा पुरेसे बोलत नाहीत.

एका हंगामात तर बातमीच गायब झाली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात शेतेच्या शेते पाण्याखाली गेली, सोयाबीनच्या शेंगा उभ्या झाडावर कुजल्या, आणि पंचनाम्यांची धावपळ चालू असतानाच १ ऑक्टोबरला अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाले. खर्चाची विधेयके संसदेत मंजूर झाली नाहीत की तेथे अत्यावश्यक नसलेली कार्यालये बंद पडतात. या वेळी ती ४३ दिवस बंद राहिली, आणि अमेरिकी कृषी खात्याचा जगभरच्या पिकांचा अंदाज देणारा ऑक्टोबरचा मासिक अहवाल निघालाच नाही. अण्णांनी फळ्यावर ‘अमेरिका बंद’ एवढेच लिहिले होते. त्यावर चिखलाने माखलेल्या पायांनी आत आलेला एक जण म्हणाला, ‘आपला तलाठी दोन दिस गावात न्हाई आला तर आपण बोंब मारतो, तिकडं तर अख्खं सरकारच घरी बसलंय.’ त्या आठवड्यात दुकानात हसण्यासारखे दुसरे काही नव्हते. अण्णांचे त्या काळातील वागणे मात्र नोंदवण्यासारखे आहे: नुकसानीचे फोटो कसे काढावेत, अर्ज कोणाकडे द्यावा, कोणती कागदपत्रे जोडावीत, हे ते ग्राहक असो वा नसो, सगळ्यांना सांगत होते, आणि ज्यांचे पीक गेले त्यांच्या उधारीचा विषय त्यांनी त्या महिन्यात काढला नाही.

खतांच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना, म्हणजे छापील किमतीलाच मिळते, मिळते तेव्हा. जुलैत डीएपी संपलेले असते आणि लिंकिंगचा जाच येथेही आहे. वरून येणाऱ्या मालाबरोबर नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटे आमच्या गळ्यात मारली जातात, असे अण्णा सांगतात आणि मग ती आपल्या गळ्यात मारतात. ठाम नकार दिला तर मात्र ते आग्रह धरत नाहीत. उधारी सुगीपर्यंत चालते, त्यावरील व्याज बिलात न दाखवता किमतीत धरलेले असते, आणि रोखीने घेणाऱ्याने ते आधीच विचारून कमी करून घ्यावे.

बायकांच्या वाट्याला येणारी वागणूक सुधारण्याची गरज आहे. आमच्याकडे निंदणी, वेचणी आणि निम्मी फवारणीसुद्धा बायकांच्या अंगावर असते, आणि पुष्कळ घरांत बियाणे आणायलाही त्याच येतात. दुकानातील दोन्ही बाकड्यांवर अमेरिकेची संसद भरलेली असते, त्यामुळे त्या दाराशी, खताच्या गोण्यांना टेकून उभ्या राहतात आणि चर्चेत खंड पडेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अण्णांचे लक्ष गेले की ते नीट आणि पुरेसा वेळ देऊन बोलतात, ‘ताई’, ‘मावशी’ म्हणून विचारपूस करतात, औषधाचे प्रमाण बाटलीच्या झाकणावर मोजून दाखवतात. परंतु लक्ष जाण्यालाच उशीर होतो. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी एक बाकडे रिकामे ठेवण्याचे कबूल केले. अजून त्यावर पुरुषच बसलेले असतात.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की सोमवारी आठवडी बाजार असल्यामुळे गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि मालकांना बोलायला सवड नसते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जावे. सोयाबीनचे बियाणे मेच्या मध्यापर्यंत घेऊन ठेवावे, मृग लागल्यावर निवड राहत नाही. पक्की पावती मागावी लागत नाही, ती मिळतेच. परंतु पावतीवर लॉट नंबर लिहिला आहे का हे तेथेच पाहावे, आणि बॅगेचे टॅग, रिकामी पिशवी व मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवावे, कारण उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे याच गोष्टी लागतात. पैसे मोबाइलवरून घेतले जातात. दुपारी एक ते तीन दुकान उघडे असले तरी अण्णा जेवायला घरी गेलेले असतात, आणि त्या वेळी गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या मुलाला ना वाणांतले फारसे कळते ना अमेरिकेतले.